दुपारचा भाव आणि रात्रीची पाळी: यवतमाळातून दिसणारा देशाचा वीजबाजार

१/ वणी तालुक्यातील उकणी, कोलारपिंपरी यांसारख्या खाणींतून निघणारा दगडी कोळसा विजेसाठी जळतो आणि ती वीज मुंबई-पुण्याच्याही पलीकडे पोहोचते. त्याच यवतमाळ जिल्ह्यात हरभरा किंवा गहू भिजवणारा शेतकरी मात्र वर्षानुवर्षे हातात बॅटरी आणि काठी घेऊन रात्री मोटार सुरू करायला जात आला आहे. कृषिवाहिनीवरची वीज चक्राकार पद्धतीने मिळते: दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास.

२/ २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-१ अर्थात ‘अवनी’ वाघिणीची दहशत होती. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. त्या दिवसांत रात्रीची पाळी आलेल्या माणसासाठी ‘वीज आहे की नाही’ एवढाच प्रश्न पुरेसा नव्हता. ‘कोणत्या वेळी आहे’ हा प्रश्न जिवाशी येऊन भिडलेला होता.

३/ याच वर्षांत देशात विजेचा राष्ट्रीय बाजार उभा राहिला होता. त्यात दिवसाचे ९६ भाग केलेले आहेत आणि दर पंधरा मिनिटांच्या विजेला स्वतंत्र भाव लागतो. वेळेची किंमत इतक्या बारकाईने मोजणारा बाजार आणि वेळेची निवड करू न शकणारा शेतकरी एकाच तारेच्या दोन टोकांना कसे आले, हे या धाग्यात क्रमाने पाहावयाचे आहे.

४/ धाग्याचे प्रतिपादन प्रारंभीच नोंदवलेले बरे. राष्ट्रीय वीजबाजाराने तुटवडा कमी केला, हे श्रेय त्याला द्यावेच लागते. पण उरलेला तुटवडा कोणाच्या पदरी टाकायचा, हे बाजार ठरवत नाही. ते नियम ठरवतात आणि नियम करणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसले आहे यावर ते नियम अवलंबून असतात. वऱ्हाडाने हा धडा विजेच्या कितीतरी आधी, कापसाच्या निमित्ताने घेतलेला आहे.

५/ म्हणून आधी कापूस. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष वळले. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणीच्या नावाने, इंग्रजी दफ्तरातील उच्चारानुसार ‘वुन’ जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले.

६/ कापसाला भाव आला की वजनात, प्रतवारीत आणि दलालीत खोट करण्याचा मोहही येतो. म्हणून १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथील कापूस बाजार नियंत्रित करण्यात आला. भारतातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला.

७/ या कायद्याने बाजाराची जागा ठरली, वजने-मापे ठरली, शुल्क ठरले आणि देखरेखीला समिती आली. मात्र त्या समितीत वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते, कापूस पिकवणाऱ्यांना प्रतिनिधित्व नव्हते. १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शेतीविषयक रॉयल कमिशनने याच उणिवेवर बोट ठेवले. नियम होते, पण ते करताना शेतकरी अनुपस्थित होता. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे विजेच्या संदर्भात ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

८/ कापूस आणि वीज यांची गाठ तशी जुनी आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीची वीज १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला पोहोचली आणि तिचे मोठे ग्राहक होते कापडगिरण्या. म्हणजे वऱ्हाडासारख्या कापूसपट्ट्यांतून आलेला माल सह्याद्रीत साठवलेल्या पावसाच्या जोरावर मुंबईत कातला जाऊ लागला. विजेची ही विक्री एका उत्पादकाने ठरावीक ग्राहकांशी केलेल्या करारावर चाले. तिला बाजार म्हणता येत नाही.

९/ विजेचा बाजार कापसासारखा सहज का उभा राहिला नाही, याचे कारण वस्तूच्या स्वभावात आहे. कापसाच्या गाठी गोदामात ठेवता येतात, भाव पडला तर थांबता येते. वीज मात्र ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी आणि पुरवठा यांचा तोल गेला की जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवरून ढळते आणि ती फार ढळली तर सगळे जाळेच बंद पडते. मोठ्या प्रमाणावरील साठवण तर आत्ता कुठे सुरू होत आहे.

१०/ त्यामुळे विजेच्या बाजाराला दोन माणसे लागतात: भाव जुळवणारा आणि तोल सांभाळणारा. दुसऱ्या कामासाठी भार प्रेषण केंद्रे असतात. पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत आहे, महाराष्ट्राचे कळव्यात आणि विदर्भासाठीचे उपकेंद्र नागपूरला अंबाझरी येथे. सौदा कितीही फायद्याचा असो, तारेची क्षमता नसेल तर तो होत नाही. कापसाच्या बाजारात शकुंतला रेल्वेचे जे स्थान होते, ते इथे पारेषण वाहिन्यांचे आहे.

११/ ही जाळी कोणाच्या मालकीची असावी, या प्रश्नाला भारतात आरंभी मिळालेल्या ठाम उत्तरांपैकी एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर वीजविषयक धोरणही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असल्याखेरीज देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाखेरीज दारिद्र्य हटणार नाही, अशी साखळी मांडली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

१२/ स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांत वीज मंडळे उभारण्याची वाट मोकळी केली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. राज्याच्या बहुतांश भागात निर्मिती, वहन आणि वाटप या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली आल्या. मुंबईसारखे अपवाद सोडले तर विजेला एकच खरेदीदार आणि एकच विक्रेता उरला.

१३/ इथे यवतमाळच्या वाचकाला एक साम्य दिसेल. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तिथेही खरेदीदार एकच, म्हणजे राज्य. एकाच दशकात या जिल्ह्याचा शेतकरी पिकवत असलेला कापूस आणि वापरत असलेली वीज, दोन्हींच्या बाबतीत पलीकडे उभा असलेला व्यवहारी राज्यसंस्थाच होता.

१४/ एकाधिकाराने काय दिले? विजेच्या बाबतीत खूप काही. गावोगावी खांब गेले, कृषिपंप जोडले गेले, कोराडी आणि चंद्रपूरसारखी केंद्रे उभी राहिली. चंद्रपूरचे केंद्र आज २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. पण कालांतराने भाव आणि खर्च यांची फारकत झाली. अनेक पंपांना मीटर नव्हते, आकारणी अश्वशक्तीवर होई. प्रत्यक्ष वापर किती आणि गळती किती, हे नेमके सांगणे अवघड झाले.

१५/ दोन्ही एकाधिकार साधारण एकाच काळात सैल झाले. नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत कापसाची खासगी खरेदी पुन्हा खुली झाली आणि ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. एक पर्व संपले. पण ते संपण्याआधी महाराष्ट्राने एक अतिशय महाग धडा घेतला होता.

१६/ त्या धड्याचे नाव दाभोळ. जून १९९२ मध्ये एन्रॉनबरोबर सामंजस्य करार झाला, तेव्हा मुख्यमंत्री होते यवतमाळ जिल्ह्याचेच सुधाकरराव नाईक. वीज खरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना झाला. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

१७/ करारात स्थिर आकार होता: वीज घ्या वा न घ्या, केंद्र तयार ठेवल्याचे पैसे द्यायचे. इंधनाचा भाव आणि डॉलर यांची जोखीमही खरेदीदारावर होती. वीज महाग पडली, मंडळाने ती कमी घेतली, त्यामुळे प्रतियुनिट भाव आणखी चढला. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

१८/ दाभोळ हा ‘बाजारीकरणाचा’ दाखला म्हणून सांगितला जातो. हे निदान तपासून घ्यायला हवे. तिथे खासगी विक्रेता होता, पण बाजार नव्हता. स्पर्धात्मक निविदा नव्हती, तुलनेसाठी दुसरा भाव नव्हता आणि महाराष्ट्राला नको असलेली वीज विजेसाठी तहानलेल्या दुसऱ्या राज्याला सहज विकता येईल अशी सोयही नव्हती. एकच खरेदीदार आणि एकच करार यांच्या कोंडीत राज्य सापडले. दोष खासगीपणाइतकाच या कोंडीचाही होता.

१९/ ही कोंडी फोडण्याची साधने त्याच काळात घडत होती. १९९८ च्या कायद्याने नियामक आयोग आले. महाराष्ट्राचा आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. वीज कायदा २००३ ने वितरण परवानाधारकांना आणि मोठ्या ग्राहकांना दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्याची मुभा दिली आणि वीज व्यापार हा स्वतंत्र परवान्याचा व्यवसाय मानला. तार ही रस्त्यासारखी: मालकी कोणाचीही असो, ठरलेला पथकर भरणाऱ्याला अडवायचे नाही.

२०/ रस्तेही जोडले जात होते. देश पाच विभागीय जाळ्यांत विभागलेला होता. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य, २००३ मध्ये त्यांना पश्चिम, २००६ मध्ये उत्तर अशी जाळी एकाच वारंवारतेवर आली. दक्षिण मात्र वेगळीच राहिली. तिच्याशी देवाणघेवाण होई ती चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या १००० मेगावॅट रूपांतर केंद्रासारख्या मोजक्या दारांतून.

२१/ वणीपासून फार दूर नसलेले हे भद्रावती विजेच्या नकाशावर जणू जकात नाका होते. अखेर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळेही जोडले गेले. काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता झाली. राष्ट्रीय बाजाराला राष्ट्रीय रस्ता मिळाला, तो महाराष्ट्राच्या सीमेवर.

२२/ बाजाराची पहिली शिस्त मात्र लिलावाने आणली नाही, वारंवारतेने आणली. १ जुलै २००२ रोजी देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात उपलब्धताधारित दरप्रणाली लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला त्या क्षणाच्या वारंवारतेनुसार पैसे भरावे लागू लागले. तुटवड्याच्या वेळी ओढल्यास दर चढा, मुबलकतेच्या वेळी ओढल्यास स्वस्त. वेळेला किंमत आहे, ही कल्पना इथे प्रथम व्यवहारात उतरली.

२३/ मग २७ जून २००८ रोजी इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पॉवर एक्स्चेंज इंडिया सुरू झाले. तिसरे, हिंदुस्तान पॉवर एक्स्चेंज, २०२२ मध्ये आले. ‘डे अहेड’ म्हणजे उद्याच्या विजेच्या बाजारात सकाळी खरेदीदार आणि विक्रेते बंद बोली लावतात. २०१२ पासून बोली पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांसाठी लागते. जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला लिलाव होणारा ‘रिअल टाइम’ बाजारही आहे.

२४/ भाव निघतो तो असा. समजा, एका खंडासाठी तीन विक्रेते प्रत्येकी १०० मेगावॅट देऊ करतात: एक ३ रुपये युनिटने, दुसरा ४ ने, तिसरा ६ ने. मागणी आहे २०० मेगावॅट आणि खरेदीदार ५ रुपयांपर्यंत द्यायला राजी आहेत. पहिल्या दोघांचा माल खपतो, तिसरा बाहेर राहतो. शेवटच्या स्वीकारलेल्या बोलीचा, म्हणजे ४ रुपयांचा भाव दोघांनाही मिळतो. ३ रुपयेवाल्याने कार्यक्षमतेचा नफा कमावला.

२५/ तारांवर कोंडी झाली की बाजाराचे तुकडे होतात आणि विभागागणिक भाव बदलतो. दक्षिण जोडली जाण्याआधी तिथला भाव अनेकदा उर्वरित देशाहून चढा असे, तो याच कारणाने. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच बोलीक्षेत्रात मोडतात. म्हणजे या बाजारात वणीच्या कोळशापासून झालेली वीज आणि मुंबईत दिवा लावणारी वीज यांचा भाव एकच. कोळसा कोणाच्या शिवारातून निघाला, याची नोंद भावात उमटत नाही.

२६/ प्रमाणाचे भान मात्र हवे. देशातील बहुतांश वीज आजही दीर्घकालीन करारांनीच विकली जाते, एक्स्चेंजवर येतो तो लहान हिस्सा. तरीही त्याचे महत्त्व हिश्श्यापेक्षा मोठे आहे. ज्याच्याकडे जास्त आहे तो विकू शकतो, ज्याला कमी आहे तो विकत घेऊ शकतो आणि तुलनेसाठी रोज एक भाव सर्वांसमोर असतो. दाभोळच्या वेळी नेमके हेच नव्हते.

२७/ आता बाजाराची दुसरी बाजू. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भीषण भारनियमन होते. २००६ मध्ये पुण्याने त्यावर उपाय काढला: उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची आणि वाढीव खर्च शहरातील ग्राहकांनी उचलायचा. आयोगाने त्याला संमती दिली. उपाय कल्पक होता, प्रामाणिकही होता. ज्यांना परवडत होते त्यांनी पैसे मोजून अंधार टाळला.

२८/ ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी दुसरी फूटपट्टी होती. गळती आणि वसुली यांनुसार भागांचे गट पाडले गेले: गळती जास्त, तर भारनियमनही जास्त. लांबच लांब वाहिन्या, विखुरलेली वस्ती, पंपांचा मोठा वाटा आणि पावसावर हेलकावणारे उत्पन्न असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यांना ही फूटपट्टी जड गेली. नियमित बिल भरणाऱ्या घरालाही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा मिळे. ही विभागणी कोणत्याही लिलावाने केलेली नव्हती, ती शासकीय कोष्टकाने केली होती.

२९/ बाजार स्वतःला आवरत नाही, हेही दिसले. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, कोळसा अपुरा पडला आणि एक्स्चेंजवरचा भाव २० रुपये युनिटपर्यंत गेला. केंद्रीय आयोगाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली, पुढच्या वर्षी ती १० रुपयांवर आली. त्याच ऑगस्टमध्ये थकबाकीच्या कारणावरून महाराष्ट्रासह १३ राज्यांच्या वितरण कंपन्यांना काही काळ एक्स्चेंजवरील व्यवहार बंद करण्यात आले. म्हणजे बाजाराच्या दारावर नियमांचा पहारा आहेच.

३०/ आणि जाळ्याचेही तसेच. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, सुमारे साठ कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. कोंडी होती पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडणाऱ्या वाहिनीवर. जाळे जितके मोठे तितका आधार मोठा आणि बेशिस्तीची किंमतही मोठी. बाजार वाढवायचा तर तोल सांभाळणाऱ्याचा अधिकारही वाढवावा लागतो.

३१/ गेल्या काही वर्षांत सौरऊर्जेने सगळे गणित फिरवले आहे. दुपारी सूर्य तळपतो तेव्हा एक्स्चेंजवरचा भाव कोसळतो. सायंकाळी सूर्य मावळला की तो अनेकदा कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. जुन्या काळात शेतीला रात्री वीज देण्यामागे एक तर्क होता: कारखाने आणि घरे झोपलेली असताना वीज मोकळी असते. आता मोकळी वीज दुपारची आहे. तो तर्क संपला, पण पाळी लगेच संपली नाही.

३२/ राज्याने दिशा बदलली आहे, हे नमूद करायला हवे. २०१७ मध्ये जाहीर झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०२३ पासूनची तिची दुसरी आवृत्ती, उपकेंद्राजवळ उभे राहणारे छोटे सौर प्रकल्प, शेतावरचे सौर पंप: या सर्वांचा रोख दिवसा वीज देण्याकडे आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजनाही पाच वर्षांसाठी लागू झाली आहे.

३३/ पण मोफत आणि दिवसा या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि राजकारणात पहिली दुसरीला सहज झाकून टाकते. बिल शून्य झाले म्हणून मध्यरात्रीची फेरी सोपी होत नाही. साप बिल पाहून चावत नाही. ज्या वाहिनीवर सौर प्रकल्प पोहोचला तिथे दिवस उजाडला. ज्या वाहिनीवर तो रखडला तिथे पाळी तशीच आहे. मोफत विजेपेक्षा वेळेवरची वीज ही अधिक मूलभूत मागणी मानली पाहिजे.

३४/ जुलै २०२५ मध्ये मुंबईतील एमसीएक्स आणि एनएसई या दोन बाजारांत विजेचे वायदे सुरू झाले. कापसाच्या वायद्यांचे नियमन करणारी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन याच शहरात १८७५ मध्ये स्थापन झाली होती. दीडशे वर्षांनी वीज कापसाच्या वाटेवर आली. वायद्यांमुळे वितरण कंपन्यांना उद्याच्या भावाची धास्ती कमी करता येईल, ते उपयुक्तच आहे. पण मुंबईतल्या वायद्याने वऱ्हाडातल्या काट्यावरची खोट थांबली नव्हती. त्यासाठी कारंज्यात नियमच लागले.

३५/ बाजार मोडून जुने मंडळ परत आणावे, असे एक मत आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही: एकच खरेदीदार असताना दाभोळ घडले आणि रात्रीची पाळी मंडळाच्या काळातही चुकलेली नव्हती. सर्व काही बाजारावर सोडावे, हे दुसरे मत. त्यालाही इतिहासाचा आधार नाही: ज्याची क्रयशक्ती कमी, त्याच्या वाट्याला मावळतीनंतरचा चढा भाव तरी येतो किंवा अंधार तरी.

३६/ तिसरी वाट कारंज्याहून निघते. वीज कायदा २००३ च्या कलम ९४(३) नुसार आयोगाला आपल्यापुढील सुनावणीत ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी अधिकृत करता येतो. दरनिश्चितीच्या जनसुनावण्या अमरावती, नागपूर अशा ठिकाणी झालेल्या आहेत. १८९७ च्या समितीत शेतकऱ्याला जागाच नव्हती. आज जागा आहे, पण त्या जागेवरून बोलायला लागणारी आकडेवारी शेतकऱ्याच्या हाती नाही.

३७/ म्हणून मागणी नेमकी हवी. एक्स्चेंजवर दर पंधरा मिनिटांचा भाव सर्वांना खुला असतो, तसाच प्रत्येक कृषिवाहिनीला कोणत्या दिवशी, किती वाजता, किती तास वीज मिळाली याचा तक्ता खुला असावा. वितरण कंपनीच्या कामगिरीचे मोजमाप युनिटांबरोबर दिवसाच्या तासांतही व्हावे. वेळेची किंमत जर विकणाऱ्याला मिळत असेल, तर तिचा हिशेब वापरणाऱ्यालाही मिळालाच पाहिजे.

३८/ या जिल्ह्यातील मालाचा भाव आधी मँचेस्टरने ठरवला, मग मुंबईने, मग राज्याने, आता संगणकावरच्या लिलावाने. प्रत्येक वेळी बाजार आधी आला आणि पिकवणाऱ्याची किंवा वापरणाऱ्याची खुर्ची नंतर, बऱ्याच उशिराने आली. विजेच्या बाबतीत हा उशीर टाळता येण्याजोगा आहे, कारण यावेळी दुपारची स्वस्त वीज शेतकऱ्याच्या बाजूने उभी आहे. तिच्यासाठी वाहिनी आणि तक्ता तयार ठेवणे एवढेच राज्यसंस्थेचे काम उरले आहे.

३९/ धागा समाप्त. ज्यांच्या गावात कृषिवाहिनीवर सौर प्रकल्प सुरू झाला आहे, त्यांनी पाळीत काय बदल झाला ते तालुक्याच्या उल्लेखासह खाली अवश्य लिहावे. उद्याचा इतिहास लिहिणाऱ्याला असा तक्ताच लागेल.